घर बंद करून भारतात निघताय? आधी हीट पंपाच्या पाण्याचं बघा

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)

आजचा भाग खास करून ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स अशा थंड देशांत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांसाठी आहे. पण ज्यांची ताई, दादा किंवा कॉलेजचा मित्र तिकडे शिकायला, नोकरीला गेलाय, त्यांनीही थांबा. ही लिंक त्यांच्यापर्यंत तुम्हीच पोचवणार आहात.

आपल्याकडे घराघरांत एक पक्की सवय असते. गावाला निघताना गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद, आणि कुलूप लावायच्या आधी मेन स्विच खाली. आईवडिलांनी लावलेली चांगली सवय आहे ही. आता हीच सवय घेऊन एखादा मुलगा इंग्लंडात राहायला जातो. घर भाड्याचं, मागच्या अंगणात हीट पंपाचा मोठा डबा. डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीवर तो पुण्याला यायला निघतो आणि निघताना मेन स्विच खाली करतो. बाहेर उणे पाच अंश. त्या क्षणी त्या डब्यातल्या पाण्याचं रक्षण करणारं कोण उरलं? कदाचित कोणीतरी असेल, कदाचित कोणीच नसेल. हे आधीच माहीत असणं म्हणजे आजचा विषय.

हीट पंप म्हणजे नेमकं काय?

फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागतं. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप तेच करतो, फक्त दिशा उलटी. बाहेरच्या थंड हवेत जी थोडीफार उष्णता असते ती उचलतो आणि घरातल्या पाण्यात सोडतो. ते गरम पाणी रेडिएटरमधून किंवा फरशीखालच्या पाइपांमधून फिरतं आणि घर उबदार राहतं. नळाला येणारं अंघोळीचं पाणीही त्याच उष्णतेवर तापतं.

आपल्याकडेही हॉटेलं, हॉस्पिटलं, हॉस्टेलं पाणी तापवायला हीट पंप वापरतात. पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठलं तरी त्याची बातमी होते, इतकी आपली थंडी सौम्य. पाइपात पाणी गोठण्याची धास्ती महाराष्ट्रात कोणाला नसते. म्हणूनच तिकडे गेल्यावर हा प्रश्न आपल्या डोक्यातच येत नाही.

आता एक फरक लक्षात घ्या. हीट पंप दोन प्रकारचे असतात. पहिला 'स्प्लिट', आपल्या स्प्लिट एसीसारखा. यात बाहेरच्या आणि आतल्या युनिटमध्ये गॅसच्या नळ्या असतात, आणि पाणी घराच्या आतच राहतं. दुसरा 'मोनोब्लॉक'. यात गॅसचं सगळं चक्र बाहेरच्या डब्यात असतं, आणि घरातलं पाणी पाइपातून बाहेर जाऊन, तिथे गरम होऊन परत येतं. म्हणजे मोनोब्लॉकमध्ये पाणी उघड्यावर, थंडीत उभं असतं. आजची सगळी चर्चा या दुसऱ्या प्रकाराची. ब्रिटनमध्ये घरोघरी हाच जास्त दिसतो.

गोठलं तर काय होतं?

काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर फुटते, हे माहीत आहेच. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी मात्र फुगतं, साधारण ९ टक्क्यांनी. फुगायला जागा नसेल तर ते पाइप, जोड, जे कमकुवत असेल ते फोडतं.

हीट पंपात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर. पातळ स्टीलच्या पत्र्यांची एक चवड असते. पत्र्याच्या एका बाजूने गॅस जातो, दुसऱ्या बाजूने पाणी. दोन्हींच्या मध्ये तेवढाच एक पातळ पत्रा. पाणी गोठून तो तडकला की गॅस पाण्यात शिरू शकतो. नव्या अनेक मोनोब्लॉकमध्ये हा गॅस आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतो त्याच कुटुंबातला, पेट घेणारा. तो पाण्यासोबत घरात येऊ नये म्हणून बऱ्याच कंपन्या गॅस बाहेरच वेगळा काढणारी सोय यंत्रात बसवतात. पण मुळात पत्रा तडकूच नये हे बरं. कारण तो तडकला की दुरुस्ती किरकोळ राहत नाही. ऐन थंडीत घर गार पडतं, आणि अनेकदा अख्खं युनिट बदलायची वेळ येते.

यंत्र स्वतःची काळजी घेत नाही का?

घेतं की! जवळजवळ प्रत्येक हीट पंपात गोठण्यापासून वाचायची सोय असते. आतला सेन्सर तापमान बघत राहतो. पाणी फार थंड व्हायला लागलं की पंप आपोआप सुरू होतो, घरातलं कोमट पाणी बाहेर फिरवतो. तेवढ्याने भागलं नाही तर कॉम्प्रेसर किंवा हीटर चालू होतो. वाहतं, कोमट पाणी गोठत नाही.

फक्त या सगळ्याला वीज लागते.

तुम्ही म्हणाल, तिकडे कुठे लोडशेडिंग असतं? रोजचं नसतं, पण वादळ येतं. २६ नोव्हेंबर २०२१ ला 'आर्वेन' नावाचं वादळ ब्रिटनवर आलं. स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडला जास्त तडाखा बसला. दहा लाखांहून जास्त घरांची वीज गेली. बहुतेकांची लवकर आली, पण सुमारे चार हजार घरं आठवडाभराहून जास्त काळ अंधारात होती, तेही कडाक्याच्या थंडीत. म्हणजे वीज जायची आणि थंडी पडायची वेळ नेमकी एकच असू शकते. आणि मेन स्विच आपणच बंद केला तर वादळाचीही गरज नाही.

मग वीज नसताना पाणी वाचवायचे तीन मार्ग आहेत. पाण्यात अँटिफ्रीझ मिसळणं, अँटिफ्रीझ व्हॉल्व बसवणं, किंवा पाणीच काढून टाकणं. एकेक बघू.

मार्ग पहिला: अँटिफ्रीझ, म्हणजे ग्लायकॉल

जुन्या लाकडी पॉटचं आइस्क्रीम आठवतंय? डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरायचं आणि हँडल फिरवत बसायचं. मीठ घातल्यावर बर्फ वितळतो, पण ते खारट पाणी शून्याच्या बरंच खाली जातं आणि तरीही पातळ राहतं. पाण्यात दुसरं काही विरघळलं की त्याचे रेणू मध्येमध्ये येतात, आणि पाण्याच्या रेणूंना बर्फाची रचना बांधणं अवघड जातं. अँटिफ्रीझ नेमकं हेच करतं.

मग मीठच का नाही घालत? कारण खारट पाणी पाइप, पंप, रेडिएटर सगळं गंजवून टाकेल. म्हणून ग्लायकॉल वापरतात, आणि त्यात गंजरोधक रसायनं मिसळलेली असतात.

ग्लायकॉल दोन प्रकारचं मिळतं, आणि हा फरक जिवाशी संबंधित आहे. एथिलीन ग्लायकॉल गाड्यांच्या कूलंटमध्ये असतं. चवीला गोडसर पण विषारी. पोटात गेलं तर शरीर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनवतं, आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंड निकामी करतात. दुसरं प्रोपिलीन ग्लायकॉल. ते इतकं सौम्य असतं की शुद्ध स्वरूपात खाद्यपदार्थांतही वापरतात. घरच्या हीट पंपात हेच घालायचं. कारण हीच वाहिनी गरम पाण्याच्या टाकीतल्या कॉइलमधून जाते. उद्या कॉइलला भोक पडलं तर आतला द्रव नळाच्या पाण्यात येऊ शकतो.

या रसायनांतली गल्लत किती महाग पडते हे महाराष्ट्राने पाहिलंय. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळ असलेलं ग्लिसरीन औषध म्हणून दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये याच कुटुंबातलं तिसरं भावंड होतं, डायएथिलीन ग्लायकॉल. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. सांगायचा मुद्दा एवढाच, की 'ग्लायकॉल ते ग्लायकॉल, काय फरक पडतो' असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. गाडीचं कूलंट हीट पंपात कधीही ओतायचं नाही.

किती घालायचं?

प्रोपिलीन ग्लायकॉलचं प्रमाण २५ टक्के असेल तर मिश्रण सुमारे उणे १० अंशांपर्यंत गोठत नाही. ३० टक्क्यांना साधारण उणे १३, आणि ४० टक्क्यांना साधारण उणे २१. त्याहून खाली गेलं तरी लगेच दगड होत नाही, आधी बर्फाच्या चुऱ्यासारखा लगदा होतो. पाइप लगेच फुटत नाही, पण तो लगदा पंपाला ढकलता येत नाही.

मग घाला की ५० टक्के, चिंता मिटली! असं वाटेल, पण इथे किंमत मोजावी लागते. ग्लायकॉलचं पाणी घट्ट असतं. शून्याच्या जवळपास ३० टक्क्यांचं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सुमारे तिप्पट चिकट होतं. त्यात उष्णता वाहून नेण्याची ताकद साधारण ५ ते ७ टक्के कमी. म्हणजे तेवढीच ऊब रेडिएटरपर्यंत पोचवायला जास्त द्रव फिरवायचा, तोही जास्त जोर लावून. ही वाढीव वीज वर्षभर लागते, थंडीच्या त्या चार रात्रींपुरती नाही. म्हणून कंपनीने सांगितलंय तेवढंच घालायचं, 'असू दे थोडं जास्त' करायचं नाही.

आणि फार कमीही चालत नाही. प्रमाण २० टक्क्यांच्या खाली गेलं की ग्लायकॉल जंतूंचं खाद्य बनतं, आत चिकट गाळ साचतो. शिवाय थोड्या ग्लायकॉलमधलं गंजरोधकही थोडंच.

इथे एक छुपी अडचण आहे. समजा तुमच्या घरात एकूण १०० लिटर द्रव आहे, त्यात ३० लिटर ग्लायकॉल. कुठेतरी बारीक गळती आहे. दाब कमी झाला की तुम्ही नळाचं पाणी भरता. दहा लिटर मिश्रण गेलं आणि दहा लिटर साधं पाणी आलं, की ३० टक्क्यांचे २७ झाले. पुन्हा तेच घडलं की सुमारे २४, तिसऱ्यांदा सुमारे २२. दाबाचा काटा बरोबर, घर गरम, सगळं ठीक दिसतं. पण उणे १३ चं संरक्षण उणे ८-९ वर आलंय आणि कोणाला पत्ताच नाही.

म्हणून वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, द्रवाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणात टाकून प्रमाण बघतात. सोबत पट्टीने पीएच तपासतात. ग्लायकॉल म्हातारं होतं, आम्लधर्मी होत जातं, आणि मग जो द्रव पाइप वाचवायला घातला तोच पाइप खायला लागतो. ही दोन्ही कामं सर्व्हिसिंगला येणाऱ्या तंत्रज्ञाची. पण त्याने ती केली का, हे विचारायचं काम आपलं.

मार्ग दुसरा: अँटिफ्रीझ व्हॉल्व

नावात अँटिफ्रीझ असलं तरी यात रसायन काहीच नसतं. बाहेरच्या पाइपांवर, जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्हींवर, हा व्हॉल्व बसवतात. त्याला वीज लागत नाही. आतला भाग थंडीने आकसतो आणि पाणी साधारण ३ अंशांवर आलं की व्हॉल्व उघडतो. पाणी ठिबकायला लागतं. त्या जागी घरातलं कोमट पाणी येतं. तापमान ४ अंशांच्या आसपास गेलं की तो पुन्हा बंद. कोमट पाणी संपलंच तर बाहेरचा भाग रिकामा होतो. बागेत पाणी सांडलं, पण यंत्र वाचलं.

याचा फायदा म्हणजे आत साधं पाणीच राहतं, त्यामुळे रोजची कार्यक्षमता शाबूत. तोटा असा, की एकदा उघडला की दाब जातो, आत हवा शिरते. वीज आली तरी यंत्र कमी दाबाची तक्रार दाखवून थांबतं. पाणी भरून, हवा काढून पुन्हा सुरू करावं लागतं. घरी कोणीच नसेल तर तोपर्यंत घर गार.

दोन बारीक गोष्टी. पाइपाला जाड इन्सुलेशन हवंच, पण या व्हॉल्वला गुंडाळायचं नाही. त्याला थंडी कळली तरच तो उघडणार. आणि त्याच्या तोंडाखाली कुंडी, पालापाचोळा, बर्फाचा ढीग ठेवू नका. सांडलेलं पाणी तिथेच गोठून वर चढत गेलं तर तोंडच बंद होईल.

दोन्ही एकत्र का नको?

'ग्लायकॉलही घालू आणि व्हॉल्वही लावू, डबल सेफ्टी!' हा विचार आपल्या सगळ्यांना पटकन येतो. इथे तो उलटा पडतो. व्हॉल्वला आत काय आहे हे कळत नाही, त्याला फक्त तापमान कळतं. ग्लायकॉलचं मिश्रण उणे १० ला सुद्धा मजेत राहिलं असतं, पण हा ३ अंशांवरच उघडतो आणि महागडं ग्लायकॉल बागेत ओतून देतो. मग कोणीतरी दाब भरायला नळाचं पाणी घालतं, आणि प्रमाण घसरतं. म्हणून एका घरात एकच पद्धत, आणि ती कोणती हे तिथे राहणाऱ्याला ठाऊक हवं.

मार्ग तिसरा: पाणी काढून टाकणं

लडाखमध्ये हिवाळ्यात अनेक घरं आणि गेस्टहाउस पाइपातलं पाणी सरळ काढून टाकतात आणि बादलीवर भागवतात. जिथे पाणीच नाही तिथे गोठणार काय? हीट पंपालाही हे लागू होतं. घर अख्खा हिवाळा बंद राहणार असेल तर तंत्रज्ञाकडून बाहेरचा भाग रिकामा करून घेणं हा खात्रीचा उपाय आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी मात्र एवढा खटाटोप कोणी करत नाही.

मग निघताना काय करायचं?

एक. मेन स्विच चालूच ठेवा. हीट पंपाच्या शेजारी भिंतीवर वेगळा स्विच असतो, तोही चालू. टीव्ही, वायफाय, गीझरची वेगळी बटणं खुशाल बंद करा.

दोन. हीट पंप 'हॉलिडे' किंवा 'अवे' मोडवर टाका. घर साधारण १२ ते १५ अंशांवर राहू द्या. बिल थोडं येईल, पण बाहेर फिरवायला कोमट पाणी शिल्लक राहील.

तीन. सगळे रेडिएटर बंद करू नका. ते बंद केले तर फिरायला पाणीच कमी उरतं.

चार. घरमालकाला किंवा एजंटला आधीच एक मेसेज टाका: 'हीट पंपात ग्लायकॉल आहे की व्हॉल्व? शेवटची तपासणी कधी झाली?' उत्तर लेखी मागा, ते पुढेही उपयोगी पडतं. 'दोन्ही नाही' असं उत्तर आलं तर तुमचं यंत्र पूर्णपणे विजेवर अवलंबून आहे. मग पाचवा मुद्दा तुमच्यासाठी फार महत्त्वाचा.

पाच. शेजाऱ्याकडे किंवा मित्राकडे किल्ली ठेवा. फोनवर हीट पंपाचं अ‍ॅप असेल तर वायफाय बंद करू नका. अ‍ॅप अचानक 'ऑफलाइन' दाखवायला लागलं आणि तिकडे थंडीची लाट असेल, तर नेट गेलं असेल म्हणून सोडून देऊ नका. एक फोन करा.

आणि परत आल्यावर यंत्र बंद सापडलं, बाहेर बर्फ दिसला, तर सुरू करायची घाई नको. आत बर्फ असताना पंप चालवला तर नुकसान वाढतं. आधी तंत्रज्ञाला बोलवा. प्रोपेनचं यंत्र असेल आणि गळतीची शंका असेल तर जवळ लाइटर, सिगारेट काही नको.

जाता जाता, हमखास येणारे दोन प्रश्न

'आमच्या गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरमध्ये अँटिफ्रीझ घालावं का?' अजिबात नाही. आपल्याकडच्या साध्या सोलरमध्ये तापलेलं पाणीच थेट नळाला येतं. त्यात काहीही मिसळणं म्हणजे अंघोळीच्या पाण्यात मिसळणं.

'जुनं ग्लायकॉल काढलं तर गटारात ओतू का?' नाही. ते ओढ्यात गेलं तर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे गुदमरतात. तंत्रज्ञाला ते कॅनमध्ये भरून नियमाप्रमाणे न्यायला सांगा.

तर मंडळी, तिकडे राहणाऱ्या तुमच्या माणसाला आज एवढंच विचारा: 'वीज गेली तर तुझ्या हीट पंपाचं पाणी कोण सांभाळणार?' उत्तर 'ग्लायकॉल', 'व्हॉल्व' किंवा 'शेजारचे काका' यांपैकी काहीही असलं तरी चालेल. 'माहीत नाही' असेल तर तिकीट काढायच्या आधी त्याला हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि उबेत राहा!